आधी भागाकार करा!

आमच्या हापिसात दुपारच्या चहाला ठरलेले तीन विषय असतात. अप्रेझल, ट्रॅफिक आणि कुठल्या कार्डावर किती कॅशबॅक. तिसऱ्या विषयात तर एकेक जण पीएचडी आहे. कुठलं कार्ड कुठल्या वारी कुठे घासायचं हे तोंडपाठ. पण याच मंडळींना विचारून बघा, "तुझ्या घरी येणारा चहा किलोला काय भावाने पडतो रे?" एकदम शांतता. फार तर उत्तर येतं, "पॅकेट दीडशेला आहे बहुतेक."

आता हे पॅकेट केवढं? २०० ग्रॅमचं, २५० चं की २२५ चं? कोणाला ठाऊक!

तर आजचं भांडण याच्यावर. आपल्या आईवडिलांची पिढी दुकानात 'भाव' विचारायची. साखर काय भाव, तूरडाळ काय भाव. उत्तर किलोतच यायचं. आपण 'किंमत' विचारतो. भाव म्हणजे किंमत भागिले वजन. त्यातला भागाकार आपण सोडून दिला, आणि पाकीटबंद मालाचा बराचसा धंदा आपल्या या आळसावर मजेत चालला आहे.

थोडा इतिहास. शेर, पायली, मापटं ही मापं गावागणिक बदलायची. एका ठिकाणचा शेर दुसऱ्या ठिकाणी शेर असेलच असं नाही. अशा वेळी दोन दुकानांतल्या भावांची तुलना करणार कशी? म्हणून १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि देशभर किलो-लिटर आले. पुढे १९९० मध्ये पाकिटावर एमआरपी छापणं सक्तीचं झालं. शिवाय चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा एकोणीस प्रकारच्या वस्तू ठरावीक वजनांतच विकायच्या असा नियम होता. १००, २००, २५०, ५०० अशी सरळ मापं. त्यामुळे दोन ब्रँड शेजारी ठेवले की महाग कुठला ते न मोजता दिसायचं.

नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ही ठरावीक वजनांची यादीच काढून टाकली. आता कंपनीने ८५ ग्रॅम भरावं, ४३ भरावं, नाहीतर २१८ भरावं. सगळं कायदेशीर. बदल्यात त्याच दुरुस्तीने एक गोष्ट दिली: पाकिटावर एमआरपीबरोबर प्रति एकक किंमत छापायची, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पडतं ते.

वाचून बरं वाटलं ना? थांबा जरा.

नियम असा आहे की वजन एक किलोपेक्षा कमी असेल तर किंमत प्रति ग्रॅम छापायची आणि जास्त असेल तर प्रति किलो. आणि आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत. सॉफ्टवेअरवाल्यांनो, बग दिसला का? समजा ८५० ग्रॅमच्या पुड्याची एमआरपी १८७ रुपये आहे आणि १२०० ग्रॅमच्या पुड्याची २५८. पहिल्यावर येणार '०.२२ प्रति ग्रॅम', दुसऱ्यावर '२१५ प्रति किलो'. शेजारी ठेवून काय डोंबल कळणार? बरं, ०.२२ ला हजाराने गुणलं तरी सुटका नाही. दोन दशांश स्थळांमुळे ०.२२ म्हणजे किलोला २१५ पासून जवळजवळ २२५ पर्यंत काहीही असू शकतं. स्वस्त वस्तूत तर आणखी गंमत. ९५० ग्रॅम पोह्यांवर ०.०७ छापलं असेल तर खरा भाव किलोला ६५ ते ७५ यांत कुठेही. दहा रुपयांचा फरक राउंडिंगमध्ये गडप! कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टमध्ये कोणी असा डेटा टाइप निवडला असता तर व्हायवाला सरांनी बाहेर काढलं असतं.

तेलाची कहाणी याहून सुरस आहे. तेल तापलं की प्रसरण पावतं, हे आपण सातवी-आठवीत शिकलो आणि विसरलो. तेलवाले विसरले नाहीत. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला साधारण ९१९ ग्रॅम भरतं, तेच ६० अंशांना ८९३ च्या आसपास. मग काही कंपन्या 'एक लिटर' असं छापून शेजारी बारीक अक्षरात ६० अंशांचं तापमान टाकायच्या. आता मला सांगा, कुणाच्या स्वयंपाकघरात तेलाची पिशवी ६० अंशांना ठेवलेली असते? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने हे तापमान छापणं बंद करा आणि वजन द्या असं सांगितलं. पण त्याआधी पिशवीमागे पंचवीसेक ग्रॅम तेल भौतिकशास्त्राच्या खात्यात जमा होत होतं, आणि इंजिनिअरांनी भरलेल्या आपल्या सोसायट्यांत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

यावर नेहमीचे तीन बचाव असतात. एकेक घेऊ.

पहिला बचाव: "कंपन्यांचाही खर्च वाढतो की." वाढतो ना, कोण नाही म्हणतं! गहू, पामतेल, डिझेल सगळं महागतं. मग किंमत वाढवा उघडपणे. पण पाच आणि दहा रुपयांचा पुडा त्याच किमतीत ठेवायचा आणि आतून ग्रॅम-ग्रॅम खरवडायचा, याला खर्च भागवणं नाही, लपवणं म्हणतात. लपवणं का, ते जाहिरातीतच दिसतं. वजन वाढवलं की पुड्यावर हातभर पिवळा पट्टा येतो, '२० टक्के जास्त!' वजन घटवलं की पट्टा कुठे जातो? २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा छोट्या पुड्यांत किंमत तीच ठेवून माल वाढवू असं कंपन्यांनी जाहीरपणे सांगितलं. म्हणजे वजनातला बदल लोकांना सांगता येतो. फक्त खाली जाताना घसा बसतो.

दुसरा बचाव: "सगळं पाकिटावर छापलेलं असतं, वाचायचं तुम्ही." छापलेलं असतं, खरंय. पण कुठे? मागच्या बाजूला, शिवणीजवळ, चकचकीत प्लास्टिकवर फिकट शाईत. युरोपात १९९८ च्या एका निर्देशानुसार किलोचा किंवा लिटरचा भाव गिऱ्हाइकाला दाखवावाच लागतो, आणि तो फळीवरच्या चिठ्ठीत किमतीशेजारी असतो. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना सक्ती केली आहे की किंमत न घटवता माल कमी केला असेल तर तसा फलक वस्तूजवळ लावायचा. आकाश कोसळलं नाही.

तिसरा बचाव आपल्या बिरादरीचा खास: "अरे दहा रुपयांसाठी कोण डोकं चालवणार? माझ्या तासाचा रेट काढ." बरं, काढतो. रविवारी सकाळी अकरा वाजता सुपरमार्केटमध्ये तुला त्या रेटने पगार कोण देतं? एक भागाकार करायला दहा सेकंद लागतात, मोबाइलवर पाच. आणि हाच गडी शंभर रुपयांच्या कूपनसाठी तीन ॲप उतरवतो, स्वतःचा नंबर, पत्ता आणि जन्मतारीख देतो. तेव्हा तासाचा रेट कुठे जातो?

पण माझा खरा राग दहा रुपयांचा नाहीच. तुम्हाआम्हाला २० ग्रॅम कमी मिळाले तर काही बिघडत नाही. छोटा पुडा कोण घेतं बघा. नाक्यावरचा वॉचमन, बांधकामावरची बाई, रोजंदारीवाला. त्याचा हिशेब नोटेत असतो, कारण हातात तेवढीच नोट असते. पाच रुपयांत दोन पोरांचा नाश्ता बसवणाऱ्या बाईला कोणी सांगितलेलं नाही की आज पुड्यात दोन बिस्किटं कमी आहेत. तिला फक्त पोराची भूक लवकर लागलेली दिसते. महागाई आपल्याकडे बिलावर येते, तिच्याकडे ती पोटात येते. आपल्याकडे वाचायला वेळ आहे, भागाकार येतो, तक्रार लिहायला इंग्रजी आहे. एवढं असून आपण 'कोण डोकं चालवणार' म्हणत राहिलो तर तिच्या बाजूने ओरडणार कोण?

मागण्या फार नाहीत. वजन काहीही असो, भाव किलोत किंवा लिटरमध्येच छापा. तो किमतीइतक्याच ठळक अक्षरात, समोरच्या बाजूला. दुकानाच्या फळीवर आणि किराण्याच्या ॲपमध्येही तोच, आणि ॲपवर त्यानुसार क्रम लावायची सोय. वजन घटवलं तर तीन महिने पुड्यावर तसा पट्टा, वाढवल्यावर लावता तेवढाच मोठा. ॲपवाली सोय करायला किती वेळ लागेल हे आपल्यालाच सगळ्यात चांगलं माहीत आहे. एका स्प्रिंटचं काम आहे राव! यातलं काही आपल्यापैकीच कुणाच्या तरी बॅकलॉगमध्ये टाकता येईल.

तोवर एक करा. या विकांताला घरातले दहा पुडे ओट्यावर मांडा, प्रत्येकाचा किलोचा भाव काढा आणि कागद फ्रिजवर चिकटवा. मोठा पॅक स्वस्तच असतो हे गृहीत धरू नका. आपल्याकडे शांपूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, स्वतः मोजून बघा. आणि घरात कोणी 'कंजूष' म्हणून हिणवलं तर त्यालाच फ्रिजवरचा कागद दाखवून विचारा, "बिस्किटं काय भाव?"