कुनोच्या अरण्यातील दोन भग्नावशेष

ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येस, श्योपूर जिल्ह्यातील कुनोच्या अरण्यात, नदीकाठी पालपूरचा जुना किल्ला आहे. प्रवाशाचे लक्ष साहजिकच त्याच्या पडक्या तटांकडे जाते. मला मात्र तेथील दुसरे, अगदी अलीकडचे भग्नावशेष अधिक बोलके वाटतात. याच रानात चोवीस गावे होती, वस्ती बहुतांशी सहारिया आदिवासींची. गीरचे सिंह आणावयाचे म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस ती उठविण्यास आरंभ झाला. पुढे त्यांच्या शेतांवर गवत माजले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तरीही सिंह आलेच नाहीत! १७ सप्टेंबर २०२२ रोजी आले ते नामिबियाचे आठ चित्ते. सहारियांना नवी जमीन मिळाली खरी. परंतु ज्यांच्या डिंकावर त्यांचा संसार चाले, ती सालईची झाडे अरण्यातच राहिली.