‘नाटकं’ या शब्दाविरुद्ध

हडपसरच्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात तासभर बसावे; अकरावीच्या एखाद्या मुलीविषयी ‘नाटकं करते’ हे शब्द कानी पडल्यावाचून राहत नाहीत. कालची जिवलग मैत्रीण आज वैरीण, सकाळी उत्साहाचे उधाण आणि दुपारी ‘मी कोणालाच नको आहे’, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि त्या बाहीखाली ओरखडे. यात नाटक कोणते? जे प्रेक्षकांपासून लपवले जाते त्याला नाटक म्हणण्याची रीत निदान साहित्याच्या शिक्षकांत तरी नसावी.

मानसशास्त्र या अवस्थेला ‘बॉर्डरलाइन’ म्हणते. ॲडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली हा शब्द वापरला तो न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमेवरच्या रुग्णांसाठी. ती सीमा पुढे शास्त्रानेच पुसली; शब्द तेवढा राहिला. मराठीत त्याचे ‘सीमावर्ती’ झाले आणि वाचणाऱ्याला बेळगाव आठवू लागले. असो. अठराव्या वर्षाआधी हे निदान करायचेच नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. लक्षणे वर्षभर टिकली असतील तर अमेरिकी निदानसंहिता त्याआधीही मुभा देते. लेबल लागू नये ही काळजी आम्हांस समजते. पण लेबल टाळता टाळता उपचारही टळतो, आणि रिकाम्या जागी ‘नाटकी’ हे लेबल बसतेच.

उपचार आहेत. मार्शा लिनेहॅन यांचा ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’वरचा ग्रंथ १९९३ चा; सतराव्या वर्षी आपणच मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. या पद्धतीच्या किशोरांसाठीच्या रूपात आईवडीलही मुलांच्या शेजारी शिकायला बसतात : भावनेला नाव द्यायचे, तिची लाट ओसरेपर्यंत तग धरायचा, मागणे मांडताना नाते मोडू द्यायचे नाही. ऑस्लोत ७७ किशोरवयीनांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९ आठवड्यांच्या या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक घटले.

हे सारे काम भाषेचे आहे, आणि इथेच आम्हां मराठीवाल्यांची लाज निघते. या उपचाराच्या केंद्रस्थानी जे ‘व्हॅलिडेशन’ आहे त्याला कार्यालयीन मराठी ‘प्रमाणीकरण’ म्हणते. जणू तहसील कचेरीतला दाखला! ‘समर्थन’ म्हणावे तर अर्थच उलटतो. मुलीने हात कापला याचे समर्थन कोणीच करीत नाही. त्या क्षणी तिला असह्य झाले होते, एवढे मान्य करावयाचे असते. ‘दखल’ हा शब्द आपल्यापाशी पूर्वीपासून आहे, पण तो आपण पुस्तकांची घेण्यासाठी राखून ठेवला आहे. मगरपट्ट्यातली मुलगी ‘आय फील एम्प्टी’ म्हणते तेव्हा निदान कोणीतरी थबकते. काळेपडळची मुलगी तेच ‘आतून पोकळ वाटतं’ असे सांगते, तेव्हा तिला जेवून घ्यायला सांगतात.

साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय याच हडपसरात आहे. त्या गुरुजींच्या अश्रूंची टवाळी करण्यात मराठी समीक्षेने किती शाई खर्ची घातली! ‘भावविवश’ ही आमच्या वर्गांतून आजही शिवीच आहे. ती शिवी कविता शिकताना ऐकलेली मुलगी स्वतःचे दुःख त्याच शिक्षकापुढे कशी मांडणार?

‘तज्ज्ञच नाहीत हो,’ हे ठरलेले उत्तर. तज्ज्ञ थोडे आहेत, हे खरेच. पण मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या १३९ जणांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खास मानसोपचार मिळालेले आणि न मिळालेले, दोन्ही गट सुधारले. त्यांच्या दैनंदिन जीवनात ठळक फरक दिसला नाही. प्रशिक्षित माणसांची नियमित, न कंटाळणारी देखरेख मात्र सर्वांनाच लाभली होती. प्राध्यापकाने मानसोपचारक व्हावे असे आम्ही म्हणत नाही. मुलीला त्या देखरेखीपर्यंत पोहोचू द्यावे, वाटेत तिची टर उडवू नये.

दुसरे उत्तर ‘पोलीस केस होईल’. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरतो, आणि जुन्या दंडसंहितेतले ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. तरीही अशा मुलीच्या पालकांना बोलावून, बदनामी नको म्हणून शाळा सोडल्याचा दाखला हाती ठेवला जातो. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. वेळापत्रकाशेजारी तो खडूने लिहायला किती जागा लागते?