तरवड उपटू नका

केजच्या आसपास बालाघाटाच्या माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक फुलांचे एक झुडूप तुम्ही पाहिले असेलच. तेच तरवड. नवरात्रात घटाच्या माळेसाठी त्याची आठवण होते. एरवी वृक्षारोपण ठरले, की खड्ड्यांसाठी जागा साफ करताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. ही रीत मला मुळीच पटत नाही.

शेळ्यामेंढ्या तरवडाला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून चरून उघड्या पडलेल्या माळावरही ते टिकते आणि मुळांनी माती धरून ठेवते. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असते. कातड्यातील कोलॅजन या प्रथिनाला टॅनिन घट्ट चिकटले, की जिवाणूंना ते कुजवता येत नाही. यालाच कातडे कमावणे म्हणतात. विहिरींवर इंजिने येण्यापूर्वी मोट चाले. तिचे चामडे रोज भिजे, तरी सडत नसे, ते अशा सालींच्या करामतीमुळे! दक्षिणेत मद्रासकडे तर तरवडाची साल हा कातडी कमावण्याचा प्रमुख माल होता. पुढे परदेशी वॅटलची साल आणि क्रोमियमचे क्षार आले आणि तरवड मागे पडले.

फूलही निरखून पाहा. त्यात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे पराग बाहेर पडतात.

काही शिक्षक म्हणतील, तरवडाला शेंगा येतात, म्हणजे ते जमिनीला नत्रही देत असणार. तसे नाही. त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. आपल्या बाजूच्या झाडाचीही खोटी स्तुती करू नये! मधुमेहावर त्याच्या फुलांचा काढा देतात खरा, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी कोणी बंद करू नये.

शेजारच्या तेलंगणाने याच तरवडाला राज्यफुलाचा मान दिला आहे. आपण निदान खड्डा दोन हात बाजूला घ्यावा. कोरड्या प्रदेशात गुरे न खाणाऱ्या झुडपांच्या आडोशाला इतर झाडांची रोपे जगतात, असे अनेक ठिकाणी आढळले आहे. या पावसाळ्यात दहा तरवडांच्या बुंध्याशी वाकून पाहा. तेथे कोणती रोपे उगवली आहेत ते मोजा, तेवढीच उघडी जागा शेजारी आखून तिथलीही मोजा आणि दोन्ही आकडे वर्गात फळ्यावर मांडा.