दीनी रीलसुद्धा रीलच असते

आमच्याकडे मोबाइलवर जितकी बयानं होतात, तितकी हुंड्यावरही होत नसतील. जुम्याच्या दिवशी, पालकसभेत, लग्नाच्या दस्तरखानावर, सगळीकडे एकच सूर: पोरं बिघडली, दिवसभर मोबाइल. उपाय दोनच सांगतात. एक, मन घट्ट करा. दोन, वाईट पाहू नका, चांगलं पाहा. मला दोन्ही पोकळ वाटतात. दुसरा जरा जास्तच.

बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्रात आम्हाला स्किनर होता. कबुतराने ठरावीक जागी चोच मारली की दाणा मिळतो. दर वेळी मिळत असेल आणि मग बंद केला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण कधी दुसऱ्या चोचीला, कधी विसाव्या, असा बेभरवशाचा मिळत गेला असेल, तर दाणा बंद झाल्यावरही ते बराच काळ चोच मारत राहतं. परीक्षेत यावर उत्तर लिहिलं आणि विसरून गेलो. आता अंगठ्याने स्क्रीन सरकवतो तेव्हा ते कबूतर आठवतं. पुढे काय येईल ठाऊक नाही, म्हणूनच तर सरकवत राहतो.

हे आपोआप झालेलं नाही. पूर्वी एक पान संपलं की पुढच्यासाठी बटण दाबावं लागे, तेवढा तरी थांबा होता. 2006 साली अझा रास्किन या डिझाइनरने न संपणारं पान बनवलं. पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो जाहीरपणे बोलून दाखवला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी 2017 मध्ये एका कार्यक्रमात कबूल केलं, की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घेता येईल, हाच विचार अशी ॲप बांधताना होता. हुशार माणसांनी पगार घेऊन बांधलेल्या यंत्रासमोर नववीच्या पोराला ‘मन घट्ट कर’ सांगायचं, हे पुरात उभं करून पाय रोवायला सांगण्यासारखं आहे.

आता ‘चांगलं पाहा’. त्या यंत्राला हदीस आणि हाणामारी यातला फरक कळत नाही. तुम्ही किती सेकंद थांबलात, एवढंच त्याला कळतं. चाळीस सेकंदांचं बयान, मग दुसरे मौलाना, मग त्यांना खोडून काढणारे तिसरे, मग बिर्याणी. पहिल्या बयानाला डोळे भरून आले होते, पण त्यावर दोन मिनिटं गप्प बसायची सवड कुठे मिळाली? काय जायज, काय नाजायज, हे आलिम मंडळींनी सांगावं. मी मास्तर आहे, मला पडणारा प्रश्न साधा आहे. तासभर पाहिलेल्यातलं झोपताना काय आठवतं?

वर्गात मराठीचा दोन पानांचा धडा काढला की हेच दिसतं. आमच्या मुलांची मादरी जबान उर्दू, शब्द अडणारच. पूर्वी अडला की मूल मागच्या वाक्यावर जाऊन अर्थाचा अंदाज बांधायचं. आता मान वर करून माझ्याकडे पाहतं. धड्यात अंगठ्याने पुढे सरकता येत नाही ना.

पण मी तरी कुठला मोठा? मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून एका उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकत होतो. (काय शिकवलं हे कुणी विचारत नाही, फोटो मात्र संध्याकाळच्या आत लागतात.) दारात नववीतला एक मुलगा आला. “सर, एक बात करनी थी.” मी मान वर न करता म्हणालो, “बाद में आ, बेटा.” फोटो गेले, त्यावर अंगठे यायला लागले, ते बघण्यात सुट्टी संपली. मुलगा नंतर आला नाही. दहा दिवसांनी पोरांनी सांगितलं, कारखान्यात लागला. मालेगावात कारखाना म्हणजे पॉवरलूम. घरी गेलो तर त्याचे वालिद म्हणाले, “बोला था, सर से पूछ के बताता हूँ. फिर कुछ बोला नहीं.”

विचारलं असतं तर तो शाळेत राहिला असता का? घरात तंगी होती, कदाचित नसता राहिला. पण त्या दिवसापासून पोरांना दोष देणाऱ्या बयानात मला बसवत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक गोष्ट केली. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. (त्याच वर्षी उरलेला महाराष्ट्र भोंगा कुणाचा यावर भांडत होता.) यातली मेख अशी, की फोन एकट्याने नाही, सगळ्यांनी बाजूला ठेवायचा. आईबापांनीसुद्धा. शेजारचा ऑनलाइन नसला की आपलंही काही चुकत नाही.

आपल्याला तर भोंगाही आणायला नको. मगरिब ते इशा सव्वा-दीड तास असतो. आम्ही लहान असताना लाइट गेलेली असली तरी चिमणीच्या उजेडात याच वेळी सबक व्हायचा. मी मस्जिदच्या ट्रस्टींना भेटलो. म्हटलं, मगरिबनंतर तसं ऐलान करा, आणि त्या वेळात मस्जिदच्या ग्रुपवरही काही टाकू नका. पहिली गोष्ट सगळ्यांना पसंत पडली. दुसरीवर एक बुजुर्ग म्हणाले, “लेकिन सर, ग्रुप पे तो अच्छी बातें आती हैं.”

मी पुन्हा जाणार आहे. तोवर आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी सुरुवात केली आहे. मगरिबला माझा फोन अम्मीच्या पानदानाशेजारी जातो. शाळेच्या ग्रुपवरही कळवून टाकलंय, की 7 ते साडेआठ माझ्याकडून कसलेही फोटो मिळणार नाहीत. त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.