पोरांना काटकसर नको, काटापट्टी शिकवा



गेल्या हंगामात आमच्या गावच्या शाळेत शहरातून चार पाहुणे आले. चांगल्या नोकरीतली माणसे. एक दिवस काढून पोरांना पैसा आणि कामाविषयी शिकवायला आली होती. माणसे भली, वेळ फुकट देत होती. त्यांनी प्रत्येक पोराला मातीचा गल्ला दिला आणि फळ्यावर लिहिले : महिन्याचा पगार, त्यातून घरखर्च, उरेल ती बचत.

वर्गात पगारदाराचे एकही पोर नव्हते! ज्याच्या घरी पैसा वर्षातून एकदा कापसाच्या गाडीबरोबर येतो आणि उंबरठा ओलांडण्याआधीच कृषी केंद्राच्या उधारीत जातो, त्याने गल्ल्यात काय टाकावे? एका लुगड्यावर दोन वर्षे काढणाऱ्या मायला काटकसर कोणी शिकवायची? शेतकरी उधळा म्हणून गरीब, हा कचेरीतला जुना समज आता शाळेच्या फळ्यावर आला आहे. पोर त्यातून एवढेच शिकते, की बाप कर्जात आहे म्हणजे बापाचेच चुकले.

मग पैशाचा धडा शाळेत नको काय? हवाच. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत हिशेब आणि शेतीचे ज्ञान मागितले होते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या पोरांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून काम शिकावे, असे लिहिले आहे. शाळेचे दार उघडे आहे. आत आपणच जात नाही.

आपण जावे आणि आपले धडे द्यावे.

पहिला धडा व्याजाचा. पुस्तकात ‘द.सा.द.शे.’ असते, सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो. हे तीन महिन्याचे, म्हणजे वर्षाचे छत्तीस, हे पोराला कोणी सांगत नाही. जूनमध्ये वीस हजार उचलले तर आठ महिन्यांत व्याजच ४,८०० रुपये.

दुसरा धडा खर्चाचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा क्विंटलचा खर्च ५,१४० रुपये धरला आणि हमीभाव ७,७१० दिला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६, भाव ३,६९९. पोरांना गुणाकार करू द्या. बरोबर दीडपट येते! आता विचारा, हा खर्च कोणाच्या वावरातला? ती साऱ्या देशाची सरासरी आहे, तीत ओलिताचा कापूसही आला. आपल्या कोरडवाहूत समजा वेचणी सोडून एकरी १८,००० लागले. सहा क्विंटल पिकले तर क्विंटलला ३,००० पडतात. पावसाने दगा दिला आणि तीनच पिकले तर ६,०००. वेचणी किलोला दहा रुपये धरली तर वर आणखी हजार. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज तर सरकारच्या त्या ५,१४० मध्ये धरलेलेच नाही.

तिसरा धडा काट्यावरचा. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर सीसीआय पूर्ण भाव देते, पुढे टक्क्यागणिक कापते आणि बारावर गेला की गाडी परत. कापूस दोन दिवस वाळवला तर किती वाचतात, हे पोराने जुन्या पट्टीवरून काढावे.

चौथा धडा पोरांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू आहे. सरकारच्या खर्चात निदान घरच्या माणसांची मजुरी धरलेली असते. आपल्या हिशेबात घरच्या बाईचे निंदण, वेचणी, शेणपाणी कुठे असते? आणि हिशेब तरी कुठे असतो? भाव मागायला आपण मोर्चात पुढे, पण खर्च विचारला की ‘अंदाजे’ सांगतो. वही ज्याच्याकडे आहे असे या बैठकीत किती जण हात वर करतील? ज्याची वही नाही त्याला कोणीही गल्ला देऊन जाईल.

शाळेत राजकारण नको, असे मास्तर म्हणतील. बरोबरच म्हणतील. म्हणून बिल्ला घरी ठेवून जा. घोषणा नको, भाषण नको. आपली वही, बियाण्याचे बिल आणि बाजाराची पट्टी एवढेच घेऊन जा, आणि झालेली चूकही पोरांना सांगा. शहरातल्या पाहुण्यांनाही बोलवा, त्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे.

या बैठकीत प्रत्येक गावाने दोन नावे द्यावीत, एक बाप्याचे, एक बाईचे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन येत्या जूनपासून महिन्याला एक तास मागावा. ज्याच्याकडे वही नाही त्याने आज घरी जाताना ती विकत घ्यावी, आणि पहिल्या पानावर घरच्या बाईची आजची मजुरी लिहावी.