मुक्याचे दुखणे ओळखणार कोण?

बैल बोलत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे आपण धरून चालतो. खरे तर गुरे दुखणे लपवतात. रानात लंगडणारे जनावरच वाघ-लांडग्याच्या नजरेत आधी भरते. तो पिढीजात धडा दावणीला बांधल्यावरही सुटत नाही.

हे सांगायचे कारण शर्यती. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नव्या नियमांमुळे जनावरांच्या यातना बऱ्याच अंशी कमी होतात, हा त्या निकालाचा आधार. म्हणजे आता सारी भिस्त नियमांवर. रत्नागिरी जिल्ह्यात शर्यती होतात, पावसाळ्यात चिखल नांगरणीच्या स्पर्धाही होतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे.

१९६० च्या केंद्रीय कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. राज्याच्या दुरुस्तीत तो ५ लाखांपर्यंत गेला, तीन वर्षांपर्यंत कैदही आली. आकडा जबर; पण यातना ओळखता आली तरच तो उपयोगाचा. चाबकाचा वळ कोणालाही दिसतो. भीतीच्या आणि दुखण्याच्या खुणा मात्र शिकाव्या लागतात. डोळ्यांतले पांढरे जास्त दिसू लागते, कान मागे जातात, पाठीला बाक येतो, बैल भार या पायावरून त्या पायावर टाकत राहतो, दात खातो. सर्वांत सोपी खूण म्हणजे रवंथ थांबणे.

बँकेत असताना बैलजोडीच्या कर्जाचे अर्ज मी तपासत असे. वय, रंग, शिंगे, कानातला बिल्ला, किंमत, सगळ्यांना रकाना होता. दुखण्याला नव्हता.

‘आम्ही बैल पोटच्या पोरासारखा जपतो,’ असे मालक म्हणतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण आई पोराचा ताप चेहऱ्यावरून ओळखते, ती रोज पाहते म्हणून. डॉक्टरची तपासणी धावण्यापूर्वीची. त्यानंतरची रात्र मालकाच्या गोठ्यातच जाते. बक्षीस कोणाला मिळाले हे साऱ्या गावाला ठाऊक असते. त्या रात्री बैल रवंथ करत होता का, हे ज्याला सांगता येते, त्याच्याच हाती कासरा असावा.