इस्त्री कुणाच्या मापाची?

गेल्या आठवड्यात बाभुळगावला मावशीकडे चार दिवस राहून आले आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. इस्त्री. हसू नका. आमच्या घरातले निम्मे लोक हे वाचणार, आणि त्यातल्या निम्म्यांना वाटणार की हिला लिहायला दुसरं काही सुचत नाही. पण हे भांडण मला करायचंच आहे, आणि त्यातली पहिली आरोपी मी स्वतःच आहे.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी मावशीला वाफेची इस्त्री भेट दिली. चांगली साडेतीन हजारांची. कंपनीचं नाव नको, तिची काही चूक नाही. मावशी घरी ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते, आणि उरलेल्या चिंध्या जोडून गोधड्या करते (आमच्याकडे वाकय म्हणतात). मला वाटलं, बिचारी इतकी वर्षं ती जुनी जड इस्त्री उचलतेय, जरा आराम मिळेल. खोका उघडून तिने इस्त्री हातात घेतली, वरखाली केली आणि म्हणाली, "लईच हलकी हाये वं बाई, हातात काई गवसतच नाई."

मी तेव्हा हसले होते. यावेळी बघितलं तर खोका कपाटावर, धूळ खात. आणि मावशी त्याच जुन्या, कापडी वायरच्या इस्त्रीने ब्लाउजचा गळा दाबत होती.

"का गं, वापरत नाहीस?"

"वापरली ना. दोन महिने."

मग तिने एकेक कारण सांगितलं आणि मी खाली मान घालून ऐकलं.

पहिलं, प्लग. ती इस्त्री २००० वॅटची. २३० व्होल्टला साडेआठ अँपिअरच्या वर करंट ओढते. मावशीच्या शिवणाच्या खोलीत साधा ६ अँपिअरचा प्लग. मग काय, मशीन एका खोलीत आणि इस्त्री स्वयंपाकघरातल्या पॉवर प्लगवर. एका ब्लाउजला दहा-बारा वेळा उठायचं. शिवणाऱ्या बाईला इस्त्री हाताच्या अंतरावर लागते, हे मला दुकानात सुचलंच नाही. १००० वॅटची साधी इस्त्री साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही, कुठल्याही प्लगवर चालते.

दुसरं, पाणी. बोअरचं पाणी, क्षारांचं. दोन महिन्यांत भोकं पांढरी झाली आणि एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजवर पिवळट थेंब पडले. ब्लाउज भरून द्यावा लागला. बॅटरीत घालतात ते पाणी विकत आणून घालायला मी सांगितलं असतं, पण मावशीच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसले.

तिसरं, व्होल्टेज. लोक विसरतात की व्होल्टेज थोडं पडलं तरी उष्णता बरीच पडते. २३० चं १८० झालं की हजार वॅटची इस्त्री जेमतेम सहाशे वॅटची उरते. हे दोन्ही इस्त्र्यांना लागू, मान्य. पण जाड तळाची इस्त्री एकदा तापली की उष्णता धरून ठेवते. हलकीचा तळ पातळ, त्यात भोकं, आणि वर वाफ करण्यात उष्णता जाते ती वेगळीच. संध्याकाळी सहानंतर तिच्यातून वाफ नाही, नुसतं कोमट पाणी यायचं.

आता खरा मुद्दा. इस्त्री आपण कुणासाठी घेतो? पुरुषांच्या शर्टासाठी. दुकानदार तेच विचारतो, जाहिरातीत तेच दाखवतात: शर्ट, सुरकुती, एक फर्राटा, सुरकुती गायब. शिवून झालेला, धुतलेला, वाळलेला कपडा. त्या कामाला हलकी, घसरणारी, वाफेची इस्त्री उत्तमच. पुण्यात सकाळी घाईत तीन शर्ट करणाऱ्याला मी तीच घे म्हणेन. पण शिवणातली इस्त्री हे वेगळंच काम आहे. तिथे इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची असते. ठेवा, थांबा, उचला. फिरवली की कापड ताणतं, आणि उरेब कापलेलं असेल तर पार वाकडं होतं. गळ्याची उरेब पट्टी इस्त्री फिरवून लांबवलेली कुणी पाहिली असेल तर त्यांना कळेल. ओलसर वाफेत तर ती आणखीच ताणते.

शिवाय आता प्रत्येक ब्लाउजच्या गळ्याला ते चिकटणारं कॅनव्हास लागतं, ज्याला सगळे पेस्टिंग म्हणतात. ते चिकटतं उष्णतेने आणि दाबाने, एका जागी दहा-पंधरा सेकंद धरून. वजन इस्त्रीत नसेल तर ते खांद्यातून द्यावं लागतं. आराम मिळावा म्हणून दिलेल्या वस्तूने मावशीचा खांदा दुखायला लागला, हा माझा पराक्रम. आणि भोकांच्या जागी नीट चिकटत नाही, एका धुण्यात फुगे येतात.

गोधडीचं म्हणाल तर आमचे एक काका लगेच म्हणाले, "आजीनं कधी गोधडीले इस्त्री केली होती का?" नव्हती केली. आजीची गोधडी जुन्या लुगड्या-धोतरांची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाची. जमिनीवर अंथरून हाताने साफ करायची आणि वरून धावदोरा. तिच्या सुरकुत्या हीच तिची शोभा. पण मावशी नव्या, कडक चिंध्यांचे चौकोन मशीनवर जोडते. प्रत्येक जोडावर शिवण दाबली नाही आणि एक मिलिमीटर कापड घडीत राहिलं, तर सोळा चौकोनांच्या ओळीत पंधरा जोड, म्हणजे दीड सेंटिमीटर गायब. पुढच्या ओळीत कमी-जास्त. मग कोपरे जुळत नाहीत आणि लोक म्हणतात, "गावची शिलाई."

हा "गावची शिलाई" शब्द माझ्या डोक्यात जातो. यवतमाळहून शिवलेला ब्लाउज आणि मावशीचा ब्लाउज शेजारी ठेवा. टाके मावशीचे सरस आहेत. फरक फक्त दाबण्याचा. आणि त्या फरकाचे पैसे कमी मिळतात, दर ब्लाउजमागे, गेली वीस वर्षं. शिवणक्लासात कापायला शिकवतात, मशीन चालवायला शिकवतात; मावशीच्या क्लासात इस्त्रीचा एकही तास नव्हता. आपल्या डोक्यातली वाटणीच तशी आहे: मशीन शिंप्याचं, इस्त्री परटाची. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतही १८ व्यवसायांत शिंपी वेगळा, परीट वेगळा. घरात शिवणारी बाई या दोघांची कामं एकटी करते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

कापसाच्या जिल्ह्यात राहतो आपण. इस्त्रीवरचे तीन ठिपके म्हणजे साधारण २०० अंश, ते सुती कापडासाठी. दोन म्हणजे १५०, एक म्हणजे ११०. हे ठिपकेसुद्धा मला मावशीनेच समजावले, आकडे मी नंतर शोधले :)

तर घरात कुणी शिवत असेल तर माझं ऐका. साधी, बिनवाफेची, १००० वॅटची, हातात घेतल्यावर जड वाटेल अशी घ्या, दीड-दोन किलोची. टोक निमुळतं हवं, शिवणीच्या कोपऱ्यात शिरणारं. आयएसआयचा शिक्का बघा, तो बंधनकारक आहे. तळावरच्या काळ्या लेपाला भुलू नका, हुक-बटणांवरून गेली की ओरखडे पडतात. वाफ हवी तर वर ओला पंचा टाका, तीच वाफ, फुकटात आणि हव्या त्या जागी. आणि बिघडली तर बाजारातला दुरुस्तीवाला कॉइल बदलून देतो. माझी साडेतीन हजारांची त्याने उलटसुलट बघून परत दिली होती.

मनगट दुखत असेल तर मात्र जडचा हट्ट धरू नका. ज्या बाईला रोज वापरायची तिला दुकानात घेऊन जा आणि तिच्या हातात देऊन बघा. मी हे केलं नाही. मावशी यवतमाळला माझ्याबरोबर सहज आली असती.

येताना ती वाफेची इस्त्री मी परत आणणार होते. पण काकांनी शर्टासाठी ठेवून घेतली. पुढच्या बैठकीच्या खोलीत तिच्यासाठी नवा पॉवर प्लगही बसवून घेतलाय, दोन दिवसांत. शिवणाच्या खोलीत कधी बसवणार, असं मावशीने विचारलं तर म्हणाले, पाहू.